बटरमिअर तळ्याची फेरी: आई-बाबांना घेऊन, घाई न करता, वाट न चुकता

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की इंग्लंडातल्या मराठी घरांत लेक डिस्ट्रिक्टचा बेत ठरतोच. विंडरमिअरची बोट होते, आइस्क्रीम होतं, मग कुणीतरी म्हणतं, ‘एखाद्या शांत तळ्याला पायी फेरी मारू या.’ त्यासाठी बटरमिअर उत्तम आहे. फेरी साधारण ७ किलोमीटरची, जवळपास सपाट, आणि बहुतेक ठिकाणी पाणी नजरेसमोर. तरीही अनेक कुटुंबं ही फेरी अर्धवट सोडून येतात. कुणाला पार्किंग मिळत नाही, कुणी भलत्याच डोंगरावर चढतं, तर कुणी स्वच्छतागृह शोधत माघारी फिरतं.

चालणं खरोखर सोपं आहे. अवघड आहे ते सुरुवातीच्या जागी वेळेवर पोहोचणं आणि तीन फाट्यांवर योग्य वाट धरणं. म्हणून खाली तयारीवर आणि त्या फाट्यांवरच जास्त लिहिलं आहे.

टप्पा १: दिवस आणि वेळ ठरवा

शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे टाळता आले तर टाळा. मे अखेरच्या आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेला तर जाऊच नका. तळ्याकाठचं बटरमिअर गाव म्हणजे काही घरं, दोन हॉटेलं, एक चर्च आणि शेतं, एवढंच. तिथे गाड्यांना जागा मोजकी. सुट्टीच्या दिवशी जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत गाडी लागली पाहिजे. ‘नाश्ता करून निघू, अकरापर्यंत पोहोचू’ हा हिशेब इथे चालत नाही.

चालायला किती वेळ धरायचा? सरावातला माणूस दोन-अडीच तासांत फेरी संपवतो. सत्तरीतले आई-बाबा, मधे डबा, फोटो, बाकावर टेकणं हे सगळं धरून चार तास ठेवा. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नसते. डिसेंबरात मात्र चारच्या आधी सूर्य मावळतो आणि वाटेवर दिवे नाहीत. हिवाळ्यात दहाच्या आत चालायला लागा. शिवाय तळ्याच्या नैऋत्येला हाय स्टाइलची उंच रांग आहे. तिच्यामुळे त्या काठावर थंडीत ऊन पोहोचत नाही आणि वाटेवर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर दुपारपर्यंत टिकतो. ज्येष्ठांना घेऊन जायचं असेल तर मे ते सप्टेंबर हेच महिने बरे.

पावसाचं गणितही वेगळं आहे. हॉनिस्टर खिंडीपलीकडचं सीथवेट हे इंग्लंडातल्या सर्वात पावसाळी वस्त्यांपैकी एक. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस तिथे पडतो. महाबळेश्वरला याहून बराच जास्त पडतो हे खरं, पण तिथे तो चार महिन्यांत उरकतो. इथे तो बाराही महिने थोडा थोडा येत राहतो, त्यामुळे ‘पावसाळा संपला की जाऊ’ असं म्हणायची सोय नाही.

*तपासा:* आदल्या संध्याकाळी मेट ऑफिसचा लेक डिस्ट्रिक्टसाठीचा डोंगरी अंदाज बघा. केझिक शहराचा अंदाज बघून निघू नका. आधीचे दोन दिवस मुसळधार पाऊस झाला असेल तर तळ्याच्या दोन्ही टोकांची सखल वाट पाण्याखाली जाऊ शकते. अशा वेळी बेत पुढे ढकला.

टप्पा २: घरूनच भरून न्यायच्या वस्तू

आधी बूट. कोरड्या दिवसात चांगली पकड असलेले स्पोर्ट्स शूज चालतात. पाऊस होऊन गेला असेल तर घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट हवेत. सँडल, फ्लोटर, मऊ तळव्याच्या चपला नकोत. वाट सपाट असली तरी तिच्यावर सुटे दगड आणि मुळं भरपूर आहेत.

छत्री गाडीत ठेवा. इथल्या वाऱ्यात ती उलटी होते आणि हातही अडकून राहतो. प्रत्येकाला टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट द्या, आई-बाबांनासुद्धा. ‘जुलै आहे, कशाला?’ असं ते म्हणतील. जुलैतही तापमान पंधराच्या आसपास आणि वर वारा असं होऊ शकतं. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, म्हणून पातळ, लवकर सुकणारी पँट बरी. आई साडीच नेसणार असेल तर आत लेगिंग घालायला सांगा आणि साडी घोट्याच्या वर नेसवा. वाटेत एका वेळी एकच माणूस जाईल अशी लोखंडी-लाकडी फिरती फाटकं लागतात, त्यांत पदर-काठ अडकतो.

बाकी यादी:

- नेहमीची औषधं, प्रत्येकाची त्याच्याच खिशात. मधुमेह असेल तर साखर किंवा ग्लुकोज सहज हाताशी.
- माणशी एक लिटर पाणी आणि थर्मासमध्ये चहा.
- कोरडा, न सांडणारा डबा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे पराठे छान टिकतात. पातळ भाजी नको.
- बसायला प्लॅस्टिकची चटई. गवत बहुधा ओलंच असतं.
- शिट्टी, टॉर्च, बारीक टोकाचा चिमटा.
- कचऱ्यासाठी पिशवी. आपला कचरा आपल्याबरोबर घरी आणायचा, केळीच्या सालीसकट.
- पार्किंगसाठी नाणी.

नकाशा मात्र हवाच. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ४ हा कागदी नकाशा घ्या किंवा त्यांच्या ॲपवर हा भाग घरीच डाउनलोड करा. गूगल मॅप्स गाडीपुरतं ठीक, पायवाटांचे फाटे ते नीट दाखवत नाही. आणि बटरमिअरच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज जवळपास नसते, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला तिथे काहीच बघता येत नाही.

*सावधान:* भारतातून आलेल्या पाहुण्यांचा प्रवास विमा चालू आहे ना, ते बघा. इथलं डोंगरी बचाव पथक पैसे घेत नाही, पण परदेशी पाहुण्याला इस्पितळात दाखल करावं लागलं तर त्याचं बिल येऊ शकतं.

टप्पा ३: घाट निवडा, सॅटनॅव्हला निवडू देऊ नका

एम ६ वरून जंक्शन ४० ला उतरून ए ६६ ने केझिकपर्यंत सगळे बिनबोभाट येतात. गडबड पुढे होते. सॅटनॅव्ह जवळचा रस्ता म्हणून न्यूलँड्सची किंवा हॉनिस्टरची खिंड दाखवतं. दोन्हीकडे चारास एक असा चढ आहे. हॉनिस्टरचा रस्ता अरुंद, कडेला दगडी भिंती, समोरून कॅम्परव्हॅन आली तर मागे घ्यायची पाळी. दृश्य अप्रतिम आहे, नाकारत नाही. पण मागच्या सीटवर गाडी लागणारी आई आणि पुढे पहिल्यांदाच इथे चालवणारा मुलगा असेल तर त्या दृश्याचं काय करायचं?

विनलॅटरमार्गे या. केझिकहून ए ६६ ने पुढे ब्रेथवेट, तिथून विनलॅटर खिंड ओलांडून लॉर्टन, मग डावीकडे वळून क्रमक वॉटर या शेजारच्या तळ्याच्या काठाने बटरमिअर. वेळ थोडा जास्त लागतो, रस्ता मात्र बराच सोसवणारा आहे. क्रमक वॉटरजवळ तोही अरुंद होतो, तिथे सावकाश. सॅटनॅव्हमध्ये मधला थांबा म्हणून लॉर्टन टाका, म्हणजे ते हट्ट सोडेल.

गाडी नसेल तर रेल्वेने पेनरिथ, तिथून एक्स ४ किंवा एक्स ५ बसने केझिक, आणि केझिकहून उन्हाळी हंगामात धावणारी ७७ किंवा ७७ए. या दोन्ही बस एकाच वर्तुळावर उलटसुलट दिशेने फिरतात. एकीने गेलात आणि परतताना चुकून तीच पकडली तरी केझिकलाच पोहोचाल, फक्त दुसऱ्या बाजूने. फेऱ्या थोड्या असतात, शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून घ्या.

टप्पा ४: गाडी लावा आणि पहिलं काम करा

पार्किंगच्या जागा तीन: गावात हॉटेलच्या मागे नॅशनल पार्कची, गावाबाहेर क्रमक वॉटरच्या बाजूला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेट्सगार्थ शेताजवळ खासगी. नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असेल तर ट्रस्टच्या जागेत पैसे पडत नाहीत, बाकी दोन्हीकडे पडतात. ‘आपल्याकडे कार्ड आहे’ म्हणून भलतीकडे गाडी लावून दंडाची चिठ्ठी घेणारे कमी नाहीत. ॲपने पैसे भरायला रेंज लागते, म्हणून वर नाणी सांगितली.

जागा मिळाली नाही तर रस्त्याकडेच्या गवतावर गाडी चढवू नका. त्या रस्त्याने ट्रॅक्टर जातात, आणि वेळ आली तर ॲम्ब्युलन्सही. सरळ क्रमक वॉटरला किंवा विनलॅटरच्या जंगलात दिवस काढा.

दोन कुटुंबं, दोन गाड्या असतील तर एक गाडी आधी गेट्सगार्थला लावून या. फेरीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग तिथे संपतो. कुणाचे गुडघे बोलायला लागले तर ते तिथूनच गाडीत बसतील. ज्येष्ठांसोबत ही एवढी एकच युक्ती केलीत तरी दिवस सुखाचा जातो.

पहिलं काम म्हणजे गावातलं सार्वजनिक स्वच्छतागृह. सगळ्यांनी जाऊन या, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा. पुढच्या संपूर्ण वाटेवर सोय नाही असं धरूनच चाला.

*तपासा:* निघताना घड्याळ बघा. गेट्सगार्थला किती वाजेपर्यंत पोहोचायचं ते आत्ताच ठरवा.

टप्पा ५: गाव ते तळ्याचं टोक

दिशा: तळं कायम डाव्या हाताला. देवळातली प्रदक्षिणा उजव्या हाताला देव ठेवून घालतात, ही फेरी उलटी आहे. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सुरुवातीलाच वाद होईल. उलटी घालायचं कारण साधं आहे: दगडांचा, झाडीचा, लांबलचक काठ पाय ताजे असताना होऊन जातो, आणि सुटकेची जागा मधोमध येते.

हॉटेलच्या बाजूने रुंद कच्ची वाट शेतांमधून तळ्याकडे जाते. थोड्या वेळात फाटा येतो.

*फाटा पहिला:* उजवीकडची वाट स्केल ब्रिज आणि क्रमक वॉटरकडे जाते. ती घेऊ नका, पुढे चिखल आणि दलदल आहे. बटरमिअर तळ्याची पाटी असलेली वाट धरा.

या गावाकडच्या टोकाला सँडपायपर नावाचे छोटे पाणपक्षी दगडगोट्यांत घरटी करतात. त्यासाठी किनाऱ्यालगतचा एक तुकडा साधारण एप्रिल ते जून बंद ठेवतात. पाटी असेल तर पाटी सांगेल त्या पर्यायी वाटेने जा. ‘फोटो काढून दोन मिनिटांत येतो’ म्हणून दोरी ओलांडू नका. अंडी दगडांसारखीच दिसतात, पाय पडल्यावर कळतं.

फाटकांचा नियम: जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. वसंतात कोकरं असतात. मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका, दशमीचा तुकडाही देऊ नका.

टप्पा ६: बर्टनेस वूडमधून नैऋत्य काठ

तळ्यातून बाहेर पडणारा ओढा पुलावरून ओलांडा. जवळच सॉवर मिल्क गिल डोंगरावरून फेसाळत खाली येतो. त्याच्यावरचा छोटा पूल ओलांडला की झाडी सुरू होते.

*फाटा दुसरा, आणि सर्वात फसवा:* इथून दगडी पायऱ्यांची देखणी वाट उजवीकडे वर चढते. ती रेड पाइक शिखराकडे जाते. बांधीव असल्यामुळे लोकांना तीच मुख्य वाट वाटते आणि ते अर्धा तास चढून धापा टाकत थांबतात. एक नियम पाठ करा: या फेरीत सलग चढ लागला की वाट चुकली. मागे फिरा, पाण्याकडे या.

झाडीत दोन वाटा समांतर जातात. वरची रुंद, पाण्याजवळची अरुंद. दोन्ही पुढे एकत्र येतात. ज्यांचा तोल कच्चा आहे त्यांनी वरची घ्यावी, बाकीच्यांनी पाण्याजवळची. मंडळी विभागली तर झाडी संपते तिथल्या फाटकाशी थांबायचं, हे आधी ठरवा. रेंज नाही, फोन लागणार नाही.

डबा झाडी संपल्यावर उघडा. काठावर उघडी, गवताळ जागा आहे, समोर फ्लीटविथ पाइकची धार. वारा पडलेल्या दमट दिवशी मिज नावाची चावरी चिलटं येतात. तशी आली तर वाऱ्याकडे सरका, दुसरा इलाज नाही. डिस्पोजेबल बार्बेक्यू पेटवू नका. आणि ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू द्या. सुरेल असला तरी.

*सावधान:* पाणी नितळ आणि उथळ दिसतं, पण तळ अचानक खोल जातो आणि पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. अशा पाण्यात एकदम उडी मारली तर श्वास आखडतो आणि पट्टीचा पोहणाराही गांगरतो. पाय बुडवा. मुलांना घोट्यापुढे जाऊ देऊ नका.

टप्पा ७: पेगीज ब्रिज ते गेट्सगार्थ

काठ संपत आला की वाट तळ्यापासून जराशी दूर होत ओढ्याकडे जाते.

*फाटा तिसरा:* उजवीकडे वर जाणारी वाट स्कार्थ गॅपमार्गे हेस्टॅक्सला जाते. ५९७ मीटरचं हे शिखर फार लोकप्रिय आहे, त्यामुळे चांगल्या हवेच्या दिवशी निम्मी गर्दी तिकडेच वळते. इथे गर्दीच्या मागे जाणं हीच चूक. तुम्ही डावीकडे, पेगीज ब्रिज ओलांडून, कुंपणाच्या कडेने सपाट शेतातून गेट्सगार्थला जायचं आहे.

*तपासा:* गेट्सगार्थला पोहोचल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र विचारा, ‘पुढे जमेल का?’ सगळ्यांसमोर विचारलंत तर बाबा ‘मला काय झालंय’ असंच म्हणणार. पुढे साधारण तीन किलोमीटर आहेत. दुसरी गाडी इथे नसेल आणि कुणी थकलं असेल तर त्यांना इथे बसवा, सोबत एक जण ठेवा आणि गाडी चालवणाऱ्याने पुढे जाऊन गाडी आणावी. हंगामात बसही इथून जाते.

टप्पा ८: अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता

सगळ्या फेरीत खरा धोका इथे आहे, आणि नेमकं इथेच लोक गप्पा मारत चार-चार जण शेजारी चालतात. रस्ता अरुंद, फुटपाथ नाही, गाड्या हॉनिस्टर उतरून वेगात येतात. इंग्लंडात वाहनं डावीकडून जातात, म्हणून पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालायचं, समोरून येणारी गाडी दिसेल असं. एकामागे एक. पुढे एक मोठा, शेवटी एक मोठा, मुलं मधे.

थोडं पुढे डावीकडे तळ्याकडे उतरणारी वाट लागते. तिथे रस्ता ओलांडून डाव्या बाजूला यायचं. वळणावर ओलांडू नका, दोन्हीकडे सरळ दिसेल अशा जागी ओलांडा.

टप्पा ९: हासनेसचा बोगदा आणि परत गाव

हा काठ जास्त घडीव दिसतो, पण मुळं आणि खडकांच्या पायऱ्या इथेही आहेत. बाबागाडी इथे चालत नाही. तान्हं मूल असेल तर पाठीवरच्या किंवा पोटावरच्या झोळीत घ्या.

हासनेसजवळ खडकात खोदलेला छोटा बोगदा आहे. मुलांना फार आवडतो. आत अंधार, तळ ओबडधोबड, बहुधा पाणी साचलेलं. टॉर्च लावा, उंच माणसांनी डोकं सांभाळावं, आत कुणी असेल तर त्यांना बाहेर येऊ द्या.

त्यापुढे झाडी, मग काठ, मग शेत आणि गाव. गावात साइक फार्मचं आइस्क्रीम आणि क्रॉफ्ट हाउस कॅफे आहे. हंगामाबाहेर दोन्हींच्या वेळांवर भरवसा ठेवू नका, म्हणून थर्मास.

वाटेत काही झालं तर

९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. थेट ॲम्ब्युलन्स मागितली तर डोंगरातली जागा समजावण्यात वेळ जातो. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी ९९९ दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो, त्यामुळे प्रयत्न कराच. तोही न लागल्यास दोघांनी रस्त्याकडे जावं आणि एकाने जखमीपाशी थांबावं. शिट्टीची खूण: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. थांबलेल्या माणसाला लगेच अंगावर उबदार काहीतरी घाला. थंडी इथे दुखण्यापेक्षा लवकर चढते.

टप्पा १०: घरी आल्यावर गोचिडी तपासा

उंच नेच्यांतून आणि गवतातून चालल्यावर गोचिडी चिकटू शकतात. गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल, काडी, मीठ यांपैकी काही लावू नका. जागा धुऊन तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लालसर चट्टा उठला तर तो लाइम आजाराचा असू शकतो, तेव्हा डॉक्टरकडे जा. तोवर आई-बाबा भारतात परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना ‘इंग्लंडात गोचीड चावली होती’ हे आपणहून सांगायला सांगा. तिथे हा आजार सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.